अडकलेला काटा

६ तारीख, सोमवार

या वहीत मी फक्त कामाचं लिहितो. कुठल्या दुकानाचा वजनकाटा किती ग्रॅम चुकत होता, काय बदललं, पैसे मिळाले की नुसती आश्वासनं. एकोणीस वर्षं हेच चाललंय. आज पहिल्यांदा घरचं लिहितोय, कारण घरात तोंड उघडलं की बायको म्हणते, हळू बोला. आणि हळू बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

फोन कंपनीचं बिल आलं. एक लाख चाळीस हजार सहाशे चौऱ्याहत्तर. आधी वाटलं, मधलं टिंब छापायचं राहिलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. टिंब जिथं असायला हवं तिथंच होतं. माझे डोळे पांढरे झाले. चार महिने काटे दुरुस्त केले तर एवढे पैसे दिसतात, तेही सगळ्यांनी वेळेवर दिले तर.

नंबर मुलीचा. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मी तिला छटाक म्हणायला लागलो. आता सोळा वर्षांची आहे आणि वरच्या फळीवरचा डबा माझ्याआधी तिच्या हाताला लागतो. गेल्या महिन्यात शाळेच्या हॉकी संघाबरोबर सहा दिवस परदेशी खेळून आली. तिकडं इंटरनेट वापरलं, त्याचं हे बिल. एका एमबीला सोळा, असा दर कागदामागे बारीक अक्षरात दिलाय.

समोर बसवून विचारलं. म्हणाली, "विमानतळावर उतरल्यावर दोन मिनिटं चालू केलं. आईला पोचल्याचा फोटो पाठवला आणि बंद केलं. नंतर फोन सरांकडेच असायचे. संध्याकाळी अर्धा तास मिळायचे, तेव्हा हॉटेलचं वायफाय होतं."

"मग बाकीचं काय भुतांनी वापरलं?"

"ते मला नाही माहीत, बाबा. मी नाही वापरलं."

हे सगळं डोळ्यांत डोळे घालून. पैशांपेक्षा त्याचंच जास्त लागलं. अगं, चूक झाली तर झाली म्हण, मी काय गिळणार आहे का तुला? पण नाही. मग माझाही पारा चढला. फोन काढून घेतला आणि सांगितलं, खरं सांगेपर्यंत हॉकी बंद. सव्वीस तारखेला त्यांचा अंतिम सामना आहे. मला ते चांगलं माहीत आहे, म्हणून तर सांगितलं.

भरायची शेवटची तारीख चोवीस. नाही भरलं तर दोन्ही नंबर तोडणार, कारण खातं माझ्या नावावर एकच आहे. माझा नंबर या गावातल्या निम्म्याअधिक काट्यांवर चिकटवलेला आहे. तो गेला की माझा धंदा बसलाच.

७ तारीख, मंगळवार

कंपनीला फोन केला. पन्नास मिनिटं पिपाणी ऐकवली. मग एक मुलगी आली, गोड आवाजात म्हणाली, "सिस्टममध्ये दिसतंय म्हणजे वापर झालाय, सर." बरोबरच आहे तिचं. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?

जेवताना हेच म्हणालो, तर बायको म्हणाली, "अहो, काटे चुकतात म्हणून तर आपली चूल पेटते."

मी म्हटलं, "काटा आपणहून चुकत नाही. कुणी आपटतं, कुणी पाणी सांडतं, कुणी मुद्दाम खाली खडा ठेवतं. मुळाशी माणूसच असतो."

"हो का," म्हणाली, आणि रात्रपाळीचा डबा भरायला लागली. ती रुग्णालयात परिचारिका आहे. तिथं पेशंटचे नातेवाईक ओरडले की ती असंच "हो का" म्हणते.

छटाक ताटावर मान घालून बसली होती. निम्मं जेवण तसंच ठेवून उठली.

९ तारीख, गुरुवार

तीन काटे झाले. शाळेत जाताना छटाक एक कागद घेऊन आली. "बाबा, इथं सही." मी भाजीवालीच्या काट्याचं झाकण उघडून बसलो होतो. शाळेचंच काहीतरी असणार. न बघता करून टाकली.

"थँक्यू," म्हणाली. तीन दिवसांतला पहिला गोड शब्द. अक्कल ठिकाणावर येतेय असं दिसतंय.

१३ तारीख, सोमवार

बेकरीत गेलो होतो. बेकरीवाल्याच्या मोठ्या काट्यात पीठ शिरतं, दर दोन महिन्यांनी साफ करावा लागतो. त्याची मुलगी छटाकच्याच संघात आहे, गोलकीपर. पोरी तिला गोली म्हणतात. शाळा सुटल्यावर पोरी मैदानावर असतात आणि ही इथं गल्ल्यामागे उभी राहून पाव बांधत होती. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी विचारलं, "आज सराव नाही का हिला?"

बेकरीवाला म्हणाला, "हॉकी सोडवली तिची. विचारू नका. परदेशात जाऊन चोपन्न हजार आठशेचं बिल करून आली. आणि वर म्हणते, मी काही केलंच नाही."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आपल्याच घरात हे होतंय असं वाटत होतं. मी माझं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तुमची वरचढ निघाली की. मी तर भरून टाकलं दुसऱ्या दिवशी. लोकांत शोभा नको."

"तुमचीही हेच म्हणाली? मी केलंच नाही?"

"शब्दाला शब्द."

"दोघींनी ठरवून केलंय," मी म्हणालो. तोही म्हणाला, ठरवूनच. मग मी म्हणालो, "हॉकी सोडवलीत ते योग्य केलंत." चहा झाला. काटा सात ग्रॅम जास्त दाखवत होता, तो जागेवर आणला. त्यानं एक मोठा पाव तसाच दिला, पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन सांगितलं तर छटाकनं पहिल्यांदा मान वर केली. "गोलीलाही आलं? कुठल्या कंपनीचं?"

"आपल्याच," मी म्हटलं. "त्यात काय?"

"काही नाही," म्हणाली आणि खोलीत गेली. चेहरा असा की जणू मीच तिला काहीतरी दिलं. पोरींचं काही कळत नाही.

१५ तारीख, बुधवार

मैदानावरून येताना त्यांच्या सरांनी गाठलं. त्यांची तक्रार वेगळीच. गोलीही नाही, छटाकही नाही, सव्वीसला मी काय घेऊन उतरू? मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा. मग म्हणाले, "फोन माझ्या पिशवीत होते हो. मी स्वतः गोळा करायचो."

"पिशवीतला फोनही आतल्या आत इंटरनेट खातो. कंपनीनं सांगितलं मला."

"खात असेल. पण ती मुलगी खोटं बोलणारी नाही."

मला राग आला. म्हटलं, "तुमच्याकडे दिवसाचे दोन तास असते. माझ्याकडे सोळा वर्षं आहे."

बोलून तर गेलो. पण घरी येईपर्यंत तेच वाक्य मानगुटीवर बसलं. सोळा वर्षांत ही कधी खोटं बोलली, ते आठवायला लागलो. सहा-सात वर्षांची असताना तिच्या हातून तराजूची काच फुटली होती. मी दुकानात शिरायच्या आत दारातच उभी राहून म्हणाली होती, बाबा, काच मी फोडली. शाळेत एकदा मार्क कमी पडले, तर पेपर आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि मग जेवायला बसली. दुसरं काही आठवेना. बराच वेळ बसलो, तरी आठवेना.

असो. तेव्हा लहान होती. या वयात मुलं बदलतात, सगळेच म्हणतात.

१७ तारीख, शुक्रवार

नवीन प्रमाण वजनांचा संच घ्यायला तीन वर्षं पैसे बाजूला टाकतोय. त्याच वजनांवर मी बाकी सगळ्यांचे काटे तपासतो, आणि माझा संच आता झिजलाय. ते पैसे काढायचे आणि सोमवारी बिल भरायचं असं ठरवलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबताय ना? मग ठीक आहे." तिचा सूर मला काही समजला नाही.

आज टपालानं एक जाडजूड पाकीट आलं. छटाकनं माझ्या हातातून ओढून घेतलं. शाळेचं असेल. तेव्हापासून खोलीचं दार बंद आहे. माझी लाल पेन्सिल दुकानातून गायब आहे, पट्टीही गायब. बायकोला म्हटलं, बघ जरा काय चाललंय आत. म्हणते, "अभ्यास."

१८ तारीख, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी दुकानात होतो. छटाक आली. आत आली नाही, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथं, फळीपलीकडे उभी राहिली. म्हणाली, "एक काटा तपासून हवाय."

"कुणाचा?"

"फोन कंपनीचा."

आणि कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, नाटकं करायला मला वेळ नाही. तर म्हणते, "गिऱ्हाइकाशी असं बोलता तुम्ही?"

त्या कागदांत बिलाचा सगळा तपशील होता, दर वेळेला किती इंटरनेट वापरलं त्याचा. कंपनी आपणहून देत नाही, खातेदारानं सही करून मागावा लागतो. म्हणजे नऊ तारखेला मी डोळे मिटून सही केली ती हीच. कुणाच्या काट्याच्या दाखल्यावर मी तीनदा बघितल्याशिवाय सही करत नाही, आणि इथं.

"लहानपणी करायचो तसं करू," म्हणाली. "मी आकडे वाचते, तुम्ही लिहा."

लहान असताना ती याच दुकानात स्टुलावर बसून काट्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायची आणि मी लिहायचो. कसं काय कोण जाणे, माझ्या हातात पेन्सिल आली.

"दोन पॉइंट शहाण्णव. हा विमानतळावरचा, माझा."

लिहिलं.

"दोनशे चौदा पॉइंट सदतीस."

लिहिलं.

"दोनशे चौदा पॉइंट सदतीस. दोनशे चौदा पॉइंट सदतीस. दोनशे चौदा पॉइंट सदतीस."

मी म्हटलं, "अगं पुढचा वाच, तोच तोच काय वाचतेस?"

"पुढचाच वाचतेय, बाबा."

पेन्सिल थांबली. कागद ओढून घेतला. एका खाली एक, सहा दिवसांत एकेचाळीस वेळा, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. तिनं प्रत्येकाखाली लाल रेघ मारली होती, पट्टी लावून, सरळ.

आता या बाबतीत मला कुणी शिकवू नये. एकाच पोत्यातून, एकाच हातानं, एकाच वाटीनं पीठ काढलं तरी दोन वाट्या सारख्या येत नाहीत. आणि माणूस एकदा फोटो बघतो, एकदा गाणं ऐकतो, एकदा नुसता घरी निरोप धाडतो, ते एकेचाळीस वेळा कणभरही इकडं तिकडं न होता सारखं येईल? भोपळा ठेवला तरी तोच आकडा आणि कोथिंबीर ठेवली तरी तोच आकडा दाखवणारा काटा माझ्याकडे आला, तर मी भोपळ्याकडे संशयानं बघत नाही. काटा उघडतो.

"काटा अडकलाय," मी म्हणालो.

"मला पण तेच वाटलं. पण मी म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

माझ्या अंगात आग आणि आनंद एकदमच उसळले. त्या कंपनीला सोडत नाही म्हणालो. वजनांचे पैसे आहेत तिथंच राहतील म्हणालो. फोन काढून तिच्या हातात दिला, उद्यापासून मैदानावर जा म्हणालो. नुसते आकडे ऐकून पाचव्यालाच मी चोर पकडला, याचंही तिला कौतुक वाटलं असणार.

ती म्हणाली, "आणि?"

"आणि काय?"

"काही नाही." स्टूल फळीखाली सरकवून निघून गेली.

रात्री बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. तिनंही विचारलं, "आणि?" दोघींनी काय ठरवलंय कळेना.

२० तारीख, सोमवार

कंपनीच्या कार्यालयात गेलो. गुळगुळीत फरशी, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबांची चित्रं, आणि एक टाय लावलेला पोरगा. त्यानं कागदावर नजरसुद्धा टाकली नाही. म्हणाला, "सर, सिस्टम चुकत नाही."

मी म्हटलं, "बाळा, सात तारखेला मीही अगदी हेच म्हणालो होतो. म्हणून तुझ्यावर चिडायचा मला हक्क नाही. तरी चिडतोय."

अर्धा तास चिडलो. शेवटी त्यानं मॅनेजरबाईंची वेळ दिली. शुक्रवार, चोवीस. म्हणजे नेमकी शेवटची तारीख. सरळ सरळ मला खेळवतायत.

२४ तारीख, शुक्रवार

जिंकलो. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

छटाक शाळा बुडवून आली. मी खांद्याला कामाची पिशवी लावली होती, सवयीनं. मॅनेजरबाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला, आवाज कोरडा. मी टेबलावर हात आपटून सुरुवात केली. माझ्या मते जोरदार केली. बाई शांतपणे म्हणाल्या, "वापर सारखा येऊ शकतो. योगायोग असतो."

आता मी काय केलं असतं ते सांगता येत नाही, पण छटाकनं माझ्या बाहीला धरलं. टेबलावर बाईंचा चहा ठेवलेला होता, शेजारी साखरेचं भांडं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही चहात किती साखर घेता?"

"एक चमचा."

"रोज?"

"रोज."

"बाबा, छोटा काटा द्या."

दागिने तोलायचा माझा काटा पिशवीत असतोच. मी ठेवला, शून्यावर आणला. ती म्हणाली, "मॅडम, रोज घेता तसा एक चमचा घाला." बाईंना गंमत वाटली असावी. घातला. चार पॉइंट ब्याऐंशी. छटाकनं साखर कागदावर काढली. "परत." पाच पॉइंट सदतीस. "परत." चार पॉइंट नव्वद. चौथा पाच पॉइंट शून्य आठ. पाचव्या वेळी बाईंनी चमचा डोळ्यांसमोर धरून नीट सपाट केला, सारखा यावा म्हणून. चार पॉइंट एकोणसाठ आला.

छटाक म्हणाली, "तुम्ही मुद्दाम प्रयत्न केलात तरी पाचात दोन सारखे नाही आले. मी एकेचाळीस वेळा कसे आणले?"

दारात उभा असलेला टायवाला पोरगा हसला आणि लगेच खोकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कागद पहिल्यांदा ओढून घेतले, लाल रेघांवरून बोट फिरवत खालपर्यंत गेल्या, आणि फोन उचलला. वीस मिनिटं या खात्यातून त्या खात्यात. आम्ही दोघं खुर्च्यांवर. माझा पाय हलत होता. तिचा नव्हता.

शेवटी कळलं ते असं. तिकडच्या देशातल्या कंपनीनं नवीन यंत्रणा बसवली, ती चालते का बघायला एक चाचणीचा आकडा घातला, आणि काढायला विसरली. आमच्या कंपनीचा फोन तिथं नुसता चालू असला तरी दर काही तासांनी तो आकडा बिलात पडायचा. अरे कर्मा. चाचणीचं वजन पारड्यातच ठेवून गिऱ्हाइकाला माल दिला. आमच्या धंद्यात नवशिक्या पोरानं हे केलं तर त्याला दोन दिवस काट्याला हात लावू देत नाहीत.

बाईंनी नवीन बिल काढलं. सत्तेचाळीस. विमानतळावरच्या दोन मिनिटांचे, ती पहिल्या दिवशी म्हणाली होती तेवढेच. मी खिशात हात घातला तर छटाक म्हणाली, "ते माझे आहेत," आणि स्वतःच्या पाकिटातून काढून दिले. सुटे, मोजून.

मी उठलो. ती उठली नाही. "मॅडम, माझी मैत्रीण आहे. तिचेही चोपन्न हजार आठशे गेलेत. बाकीच्यांना तुम्ही कळवणार का?"

"कळवू."

"कधी?"

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग टायवाल्याला आत बोलावलं आणि त्या दिवसांची यादी काढायला सांगितली. बारा गिऱ्हाइकं निघाली. गोलीच्या नावाचं पत्र तिथल्या तिथं छापून, शिक्का मारून छटाकच्या हातात दिलं. गोलीचा फोन मध्येच बंद पडला होता म्हणून तो आकडा सोळाच वेळा पडला होता. बाकीच्यांना आजच फोन जातील म्हणाल्या.

बाहेर आलो. रस्त्यात मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो, चष्म्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, अगदी अनोळखी माणसालाही. माझी पोरगी, माझी पोरगी. छटाक दोन पावलं मागून चालत होती. घराच्या वळणावर तिनं पुन्हा विचारलं, "आणि?" मी म्हटलं, आणि काय, आज बाहेर जेवू. ती हसली, पण पूर्ण नाही.

आता लिहिताना कळतंय ती कशाची वाट बघतेय. अठरा तारखेलाच कळायला हवं होतं. इतकं साधं आहे, आणि जीभ रेटत नाही.

२५ तारीख, शनिवार

पत्र घेऊन दोघं बेकरीत गेलो. दुकानात गर्दी होती. गोली पाव बांधत होती. बेकरीवाल्याच्या हातात मी पत्र दिलं. त्यानं पिठाचे हात पुसले, वाचलं, परत वाचलं. "म्हणजे पैसे परत?"

"पैसे परत," मी म्हटलं. आणि एवढं सांगून निघणार होतो. पण गोली आमच्याकडे बघत होती, हातातला दोरा तसाच धरून, आणि मला तेरा तारीख आठवली. याच काट्याशी उभा राहून मी म्हणालो होतो, योग्य केलंत. त्यातलं एक वाक्य माझंही होतं ना.

म्हणून म्हणालो. जरा जोरातच म्हणालो, गिऱ्हाइकांसमोर. "तुमची मुलगी खरं बोलत होती. माझीही बोलत होती. मी माझ्या मुलीवर नाही, कागदावर विश्वास ठेवला, आणि तुम्हालाही तेच सांगून गेलो. चुकलो मी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेवढं पुरायला हवं होतं."

बेकरीवाल्यानं पत्राची घडी घातली, उघडली, परत घातली. मग मुलीकडे वळून म्हणाला, "पाव ठेव ते. तुझे बूट कुठं आहेत?"

"माळ्यावर. तुम्हीच टाकलेत."

तो स्वतः शिडी लावून चढला. गोली रडायला लागली आणि छटाकनं तिला पिठासकट मिठी मारली.

परत येताना निम्मा रस्ता सरला. मग छटाक म्हणाली, "छान बोललात. पण ते बेकरीवाल्या काकांना सांगितलंत."

मी थांबलो. समोरून लोक येत होते. म्हटलं, "छटाक, माझं चुकलं."

"पुन्हा."

"माझं चुकलं."

"एकदा अजून. वजन तीनदा घ्यायचं असतं ना?"

तिसऱ्यांदा माझा आवाज नीट निघाला नाही. तरी तिनं चालवून घेतलं. माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि घरापर्यंत त्या सरांच्या, गोलीच्या, कोण कुठं खेळणार त्याच्या गप्पा सांगत आली.

२६ तारीख, रविवार

दोन विरुद्ध एक. जिंकल्या.

मी, बायको आणि बेकरीवाला दोरीला चिकटून उभे होतो. बायको रात्रपाळी करून तशीच आलेली, आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचा. गोलीनं चार चेंडू अडवले. प्रत्येक वेळी बेकरीवाला माझ्या पाठीत गुद्दा घालायचा. पाठ अजून दुखतेय.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. शेवटची पाच मिनिटं होती, बरोबरी होती. आमच्या गोलसमोर चेंडू आला, तिथं गर्दीत छटाक. पंचानं शिट्टी मारली. हॉकीत चेंडू पायाला लागला की चूक धरतात. कुणाच्या पायाला लागला ते त्यालाही धड दिसलं नसावं, तो इकडं तिकडं बघत होता. छटाकनं हात वर केला. माझं डोकं फिरलं. मी दोरीखालून आत घुसलो आणि ओरडलो, "तिचा पाय लागला नाही. ती म्हणतेय ना नाही लागला, मग नाही लागला." बेकरीवाला माझ्यामागे. पंचानं आम्हा दोघांना मैदानाबाहेर, पार फाटकापर्यंत काढलं. त्यांना फटका मिळाला, तो गोलीनं अडवला, आणि पुढच्याच पळापळीत आमच्या पोरींनी गोल केला. आम्ही तो फाटकाच्या गजांतून बघितला.

सामना संपल्यावर छटाक आली. घामानं चिंब, गुडघा फुटलेला. मी अजून तापलेलोच. म्हटलं, "काय पंच आणलाय. तू हात वर करून सांगतेयस तरी ऐकत नाही."

ती हसत सुटली. हसून हसून खाली बसली.

"बाबा, मी हात वर केला तो लागला म्हणून सांगायला. माझ्याच पायाला लागला होता."